परसातलं लिंबू : एप्रिल ते ऑक्टोबर २०२५च्या नोंदी

१ एप्रिल २०२५

परवा पाडव्याला पाहुणे आले. ऊन नुसतं मी म्हणत होतं आणि सरबताला लिंबं मंडईतून आणावी लागली. परसात १२ वर्षांचं झाड उभं असताना! आईला ते फार लागलं. बाबांनी २०१३ साली लावलेलं झाड आहे ते, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'साई सरबती' जातीचं. चांगल्या वर्षी आई पिशव्या भरून आळीत लिंबं वाटायची. गेली दोन वर्षं झाड पिवळं पडत चाललंय, आणि यंदा शेंड्याच्या चार फांद्या पार वाळल्यात.

आजपासून परसाचं काम या वहीत लिहायचं ठरवलंय. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. मागचं परस ३० बाय २२ फूट. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतार, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात लिंबू. बाकी जास्वंद, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावरचं अळू, आणि पावसाळ्यात दोडक्याचा मांडव.

दोन वर्षांत झाडाला काय काय दिलं ते आठवून लिहिलं : युरिया दोनदा, निंबोळी पेंड, दुकानातून आणलेलं कसलंसं टॉनिक, बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या. पान पिवळं दिसलं की पानावर काहीतरी मारायचं. मुळाशी मात्र आमच्यापैकी कुणीच बसून पाहिलं नव्हतं.

६ एप्रिल, रामनवमी

सकाळी भिंग घेऊन झाडाखाली बसले. वेगवेगळ्या फांद्यांची २० पानं तोडून पांढऱ्या कापडावर मांडली, कोवळी एकीकडे, जून दुसरीकडे.

कोवळ्या पानांचा रंग ताकासारखा पांढुरका पिवळा. शिरा मात्र हिरव्या, अगदी केसासारख्या बारीक शिरासुद्धा. पान उन्हात धरलं की हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. जून पानं त्यामानाने बरी आहेत.

हा फरक फार महत्त्वाचा. नत्र कमी पडलं तर आधी जून पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं. मॅग्नेशियम कमी असेल तरीही सुरुवात जुन्या पानापासूनच होते, देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि कडा पिवळ्या पडतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून त्याची उणीव आधी कोवळ्या पानावर दिसते. आमच्या झाडाला लोह मिळत नाहीये. मग युरिया घालून काय होणार होतं?

पण आपली माती काळ्या बसाल्ट खडकाची, तिच्यात लोह भरपूर. मातीत आहे आणि झाडाला मिळत नाही, याची कारणं दोनच सुचतात. एक तर मातीत चुना वाढलाय, नाहीतर मुळं पाण्यात गुदमरतायत.

१३ एप्रिल

आज निचऱ्याची परीक्षा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असे दोन खड्डे घेतले, एक लिंबाच्या आळ्याबाहेर आणि एक कढीपत्त्याजवळ. पहिल्यांदा पाणी भरून पूर्ण जिरू दिलं, मग पुन्हा भरलं आणि पट्टी उभी करून दर तासाला पाहिलं. (पहिल्या वेळचं मोजमाप धरायचं नाही, कोरडी माती आधी स्वतःच पाणी पिऊन घेते.)

कढीपत्त्याजवळ तासाला २ इंच पाणी उतरलं, म्हणजे निचरा चांगला. लिंबाजवळ तासाभरात जेमतेम अर्धा इंच. एक इंचाच्या खाली गेलं की निचरा वाईट समजायचा. ऐन उन्हाळ्यात ही गत, तर श्रावणात त्या मुळांचं काय होत असेल!

लिंबाजवळचा खड्डा खणतानाच कुदळ खणखणली होती. आठ इंचांखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे पापुद्रे निघाले. दोन घमेली भरून राडारोडा एवढ्याशा खड्ड्यातून. मग लक्षात आलं. २०२३ साली दक्षिणेची जुनी भिंत पाडून नवी बांधली, तेव्हा काम करणाऱ्यांनी राडारोडा बाहेर न नेता याच कोपऱ्यात पसरला आणि वरून माती टाकून सारखं करून दिलं. आम्हाला तेव्हा कोपरा सपाट झाल्याचंच कौतुक वाटलं.

जुनी भिंत म्हणजे दगडांचा गडगा होता. दगडांच्या फटींतून वरचं पाणी आपोआप बाहेरच्या गटारात जायचं. नव्या भिंतीला पाणी जायला एकही भोक नाही. वरच्या सगळ्या परसाचं पाणी येऊन तिथेच तुंबतं.

१४ एप्रिल

खुरप्याने खोडाजवळची माती हळूहळू उकरली. खोड ११ इंच गाडलं गेलंय. गाडलेल्या भागाची साल ओली, तपकिरी, बोटाने दाबली की मऊ लागते. एका बाजूला डिंकाचा थेंब, मधासारखा, बोराच्या बीएवढा. हाच डिंक्या. मातीतली बुरशी ओल्या सालीतून शिरते. साल अजून भोवताली पूर्ण सडलेली नाही, साधारण एक तृतीयांश गेली असावी. खोडाला पूर्ण वेढा पडला असता तर हे काम करायला झाड उरलं नसतं.

खोडाभोवतीची माती मूळ पातळीपर्यंत काढली. तो भाग आठ दिवस उघडा ठेवून वाळू द्यायचा.

२० एप्रिल

मातीतला चुना पाहायची घरगुती रीत : वाळलेली माती बशीत घेऊन वर आंबट पिळायचं. चुनखडी असेल तर फेस येतो. मंडईतलंच अर्धं लिंबू घेतलं. कढीपत्त्याजवळची माती गप्प राहिली. लिंबाजवळच्या मातीवर रस पडताच चुरचुर आवाज झाला आणि बारीक बुडबुडे आले. कान जवळ नेला तर स्पष्ट ऐकू येत होतं. सिमेंट-प्लास्टरचा चुना मातीत मुरलाय.

म्हणजे दोन्ही कारणं खरी निघाली, आणि दोन्हींचं मूळ त्या भिंतीच्या कामात.

आणखी एक गोष्ट. आई दर रविवारी बंबातली राख लिंबाच्या आळ्यात टाकते. लाकडाच्या राखेत पालाश असतो, म्हणून ती चांगली, हे खरंच आहे. पण राखही चुन्यासारखीच क्षारधर्मी. निरोगी मातीत एखादी मूठ चालून जाते, इथे मात्र दुखण्यात भर पडत होती. आईला सांगताना मला जड गेलं, कारण त्या झाडासाठी तिने जे केलं ते मायेनेच. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पाहिलं तर बंबाची राख डब्यात भरून भांडी घासायला ठेवली होती.

२७ एप्रिल ते ४ मे

कामाचा आठवडा. मदतीला गल्लीतले मामा आले, त्यांची पहार आणि माझं घमेलं.

राडारोडा काढताना घाई करून चालत नाही, बरीचशी मुळं त्यातूनच गेलीत. खोडापासून तीन फुटांपर्यंत सगळं खुरप्याने आणि हाताने काढलं, त्यापलीकडे पहार. एकूण ६३ घमेली निघाली. पांढऱ्या मुळ्या (झाड खातं-पितं ते याच मुळ्यांनी) वरच्या चार इंचांतच सापडल्या. खालच्या मुळ्यांची साल काळी, ओढली की मोज्यासारखी सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. मामांनी एक हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ताई, ही कुजलीया. पान्यानं गेली." तशा सगळ्या मुळ्या धारदार कात्रीने छाटल्या.

भिंतीत जमिनीलगत तीन इंची पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे बसवले, बाहेरच्या तोंडाला जाळी लावली. वरच्या अंगाला १८ फूट लांब, एक फूट खोल चर काढून पाणी त्या पाइपांकडे वळवलं. पाण्याची नळी धरून लेव्हल घेतली, १८ फुटांत तीन इंच उतार दिलाय. चरात जुन्या गडग्याचेच दगड भरले, ते कोपऱ्यात पडून होते.

रिकाम्या जागेत घराच्या पुढच्या अंगणातली माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी गंधक भुकटी. गंधक मातीत हळूहळू आम्ल तयार करतं, त्याला महिने लागतात. ताजं शेण मुळांना पोळवतं म्हणून गोठ्यातून मागच्या वर्षीचंच खत मागून आणलं.

आळं आता दुहेरी केलंय. खोडाभोवती एक फुटावर मातीची आतली वरंब, बाहेर पानांच्या घेराखाली दुसरी. पाणी दोन वरंबांच्या मधेच द्यायचं, खोडाला टेकता कामा नये. खाणाऱ्या मुळ्याही त्या घेराखालीच असतात.

११ मे

डिंक्याच्या बुरशीवर बोर्डो मलम. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात रात्रीच भिजत घातलं होतं, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळा विरवून गाळून अर्धा लिटर केला. दोन्ही प्लास्टिकच्याच बादल्यांत, लोखंड आणि पत्रा चालत नाही, मोरचूद धातू खातं. दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या बादलीत ओतून ढवळली. आकाशी निळा रंग आला. मग घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवला. खिळ्यावर तांब्याची लाली चढली, म्हणजे द्रावण अजून आम्ल. चमचाभर चुना आणखी घातल्यावर खिळा स्वच्छ निघाला. ही परीक्षा चुकवायची नाही, आम्ल मलमाने साल भाजते.

सडलेली साल चाकूने निरोगी सालीपर्यंत तासून काढली, तुकडे जाळले, आणि जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत मलम ब्रशने लावलं. मलम त्याच दिवशी संपवायचं. वाळलेल्या फांद्याही छाटल्या आणि कापांना मलमाचं बोट लावलं.

२६ मे

यंदा पावसाने सगळ्यांनाच चकवलं. मे महिन्यातच धो धो. आज मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर कधीच आला नव्हता.

रात्री विजा थांबल्यावर छत्री आणि बॅटरी घेऊन परसात गेले. तिन्ही पाइपांतून मनगटाएवढी धार चालली होती. लिंबाच्या आळ्यात पाणी नव्हतं. मागच्या वर्षी याच कोपऱ्यात घोट्याएवढ्या पाण्यातून चालावं लागायचं. मी आईला हाक मारली, तीही पदर डोक्यावर घेऊन आली. आम्ही दोघी बराच वेळ ते पाणी बाहेर जाताना बघत उभ्या होतो.

१५ जून

अळवाची जाळी झाली. रात्री नऊला बॅटरी घेऊन बाहेर पडले आणि ४७ शंखी गोगलगायी मोजल्या. काही तर मुठीएवढ्या. ही मूळची आफ्रिकेची. १८४७ साली एका इंग्रज शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि बागेत सोडली, तिथून सगळीकडे पसरली. २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे हिनेच सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती.

दिवसा या लपतात कुठे? माझ्याच चरात. गडग्याच्या मोठ्या दगडांखाली थंडावा आणि ओल, त्यांना आणखी काय हवं! तीन दगड उचलले तर एका ठिकाणी अंड्यांचा पुंजका, ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळसर पांढरी. एका पुंजक्यात शंभराहून जास्त अंडी असू शकतात. वरच्या थरातले मोठे दगड काढून बारीक खडी भरली. निचरा तसाच चालतो, पण लपायला पोकळी उरत नाही.

पकडण्यासाठी गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी अळवाजवळ आणि भिंतीलगत पसरायचे. पहाटे खालच्या बाजूला चिकटलेल्या मिळतात. हातमोजे घालूनच उचलायच्या, यांच्या अंगात उंदरांकडून आलेला कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. बादलीत दाट मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, मग झाडांपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या.

शेजारचे काका थेट वाफ्यातच मीठ फेकत होते. त्यांना जाऊन सांगितलं, "काका, गोगलगाय मरेल, पण ते मीठ मातीतच राहतं आणि उद्या मेथी उगवणार नाही." त्यांना पटलं. आता दोन्ही घरी गोणपाट टाकतो, कारण एकाच्याच परसात पकडून काही उपयोग नाही, त्या भिंतीवरून येतात. दुकानातल्या विषारी गोळ्या मी आणल्या नाहीत, गल्लीत कुत्री आहेत.

२९ जून

गोगलगायींची मोजणी, दोन आठवड्यांतली : ४७, ६२, ३८, २१, ९. रोज मोजलं नाही, पाऊस फार असला की जाणंच होत नाही. पण अळू पुन्हा फुटलंय.

६ जुलै, आषाढी एकादशी

लिंबावर हिराकसाची (हा लोहाचाच क्षार) दुसरी फवारणी, पहिली २२ जूनला झाली. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी. लिंबूसत्व न घालता ठेवलं तर हिराकस तांबूस होऊन वाया जातं. फवारणीने पान तात्पुरतं सावरतं. मातीतलं काम पुरं होईपर्यंतचा तो आधार आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

१३ जुलै

जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण. कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके, शेंडे आखडलेले. मुंग्यांची रांग खोडावरून वर-खाली. आई साबणाचं पाणी घेऊन निघालीच होती. तिला थांबवलं, कारण त्या पुंजक्यांत काही किडे जरा मोठे दिसले, मेणाचे लांब दोरे अंगावर, आणि चाल भराभर. पिठ्या ढेकूण असा पळत नाही. भिंगातून पाहिलं तर एक किडा ढेकणाच्या अंड्यांची पिशवी फाडून खात होता. क्रिप्टोलेमस नावाच्या ढाल किड्याची ही अळी, पिठ्यासारखाच वेष घेऊन पिठ्याला खाते. फवारणी केली असती तर आपल्याच बाजूचा मेला असता.

मग केलं एवढंच : सर्वात वाईट दोन शेंडे कापून पिशवीत बांधले, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला कापडाची पट्टी बांधून त्यावर ग्रीस लावलं. मुंग्या पिठ्याचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. मुंग्या हटल्या की ढाल किड्याला रान मोकळं.

१० ऑगस्ट

मांडवावर दोडका फुलांनी भरलाय, पण बोटाएवढी फळं पिवळी होऊन गळतात. गळालेली १४ फळं चिरून पाहिली. पाचांत अळ्या, ती फळमाशी. उरलेल्या नऊंत काहीच नाही, म्हणजे परागीभवनच झालं नव्हतं.

दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. पावसाळी संध्याकाळी मधमाशा फिरकत नाहीत. म्हणून आता सहाच्या सुमारास मी जाते. नर फुलं घोसात येतात, मादी फूल एकटं आणि त्याच्या मागे इवलासा दोडका असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि त्याचे पिवळे तुरे मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचे. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा (नर माशांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगला आणि किडकी फळं रोजच्या रोज गोळा करून बंद पिशवीत उन्हात ठेवतेय.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. जास्वंदीची १४ फुलं घरची. आरतीनंतर प्रसादाच्या जेवणात दोडक्याची भाजी, तीही घरची.

१४ सप्टेंबर

लिंबाला नवी पालवी आलीय आणि पान हिरवं आहे. शिरा वेगळ्या दिसतच नाहीत! एप्रिलमधलं वहीत दाबून ठेवलेलं पान शेजारी धरून पाहिलं. जुनी पिवळी पानं तशीच आहेत, ती आता गळतील, त्यांचं काही होणार नाही. खोडाच्या तासलेल्या कडेने नवी साल आत सरकतेय, पाव इंच तरी. डिंक नाही.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या मिळाल्या, सात. फुलपाखराच्या. नागअळीच्या चंदेरी रेघाही आहेत, पण मोठ्या झाडाला तेवढ्याने काही होत नाही, ती पानं राहू दिली. फुलपाखराच्या अळ्यांचं काय करायचं यावर आईचं मत पक्कं होतं. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेला नीलवंतसुद्धा लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतो, आणि आमच्या परसात तो मोठा निळा-काळा अधूनमधून येतो. या सात त्याच्याच की दुसऱ्या कुणाच्या, तो प्रश्न तिने येऊच दिला नाही. हलक्या हाताने सातही उचलून लिंबाच्या खालच्या, जून फांदीवर नेऊन ठेवल्या. शेंडे वाचले.

१२ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. पावसानंतरचं मलम खोडाला लावलं. पुन्हा पाण्याची परीक्षा : लिंबाजवळ तासाला दीड इंच. माती आता मुठीत दाबली की लाडू होतो आणि बोटाने टोचला की सुटतो. वाफसा म्हणतात तो हाच. लिंबाचा रस पिळून पाहिला, नव्या मातीत आवाज नाही, भिंतीच्या अगदी कडेला अजून थोडी चुरचुर आहे. तिथे आणखी गंधक घातलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. झाडावर नऊ लिंबं आहेत, जूनमधल्या थोड्या फुलांची. आईने आज एक तोडलं, पदराला पुसलं आणि देवापुढे ठेवलं. मग कापलं. साल कागदासारखी, आत रसच रस. तिने वरणावर पिळलं आणि अर्धी फोड बाबांच्या फोटोपाशी बशीत ठेवली.

मधल्या पाइपच्या तोंडाशी गाळ साचलाय. पुढच्या रविवारी जाळी काढून उपसायचा.